मोगलवर (स्कीइंगच्या उतारावरच्या बर्फाच्या उंचवट्यांवर) वेग सुटतो त्याबद्दल
तिसऱ्या-चौथ्या उंचवट्यालाच वेग हाताबाहेर जातो आणि पाय लटपटतात, असं वर लिहिलंय तुम्ही. माझंही पहिले दोन हंगाम हेच रडगाणं होतं. पायांत ताकद कमी पडतेय असं वाटायचं. खरी खोट होती मागे रेलण्यात. भीती वाटली की माणूस आपोआप मागे झुकतो, स्कीची टोकं हलकी होतात आणि मग ती वळायचं नावच घेत नाहीत. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली हवी, उतरतानासुद्धा.

मला सगळ्यात उपयोग झाला तो आडवं घसरण्याचा. वळायचंच नाही, स्की आडव्या ठेवून माथ्यावरून पलीकडच्या उतारावर खरवडत खाली यायचं. वेग तिथेच मरतो. ते जमलं की माथ्यावर काठी टेकवून वळा. तिथे स्कीची टोकं आणि शेपट्या दोन्ही अधांतरी असतात, म्हणून त्या सहज फिरतात. चढताना गुडघे वर येऊ द्या, माथा ओलांडला की पाय लांबवा. नजर दोन-तीन उंचवटे पुढे. (लिहायला सोपं आहे, मला महिना लागला!)

ऑलिंपिकमध्ये मोगल १९९२पासून पदकाचा खेळ आहे; तिथले स्पर्धक उंचवट्यांमधल्या घळीतून जवळजवळ सरळ सुटतात, त्यांची नक्कल इतक्यात नको. आणि सकाळच्या कडक बर्फावर सराव करू नका, जरा मऊ पडू द्या.