काळ्या रानात ट्रॅक्टर रुतलाय, कसा काढू?

काळंरान: मंडळी, परतीचा पाऊस झाला, वरून सुकल्यासारखं दिसत होतं म्हणून ड्रायव्हरने रोटाव्हेटर (ट्रॅक्टरमागचं माती भुसभुशीत करायचं अवजार) घातला आणि मागचा भाग पार अ‍ॅक्सलपर्यंत खाली गेलाय, एकच चाक फिरतंय दुसरं गप्प. शेजारचे काका म्हणतात चाकाला लाकूड बांध, निघतो. बांधू का?

बांधावरचा: लाकूड अजिबात नको भाऊ!! चाक अडलं की ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि मागे उलटतो, ड्रायव्हर खाली सापडतो. आधी रेस देणं बंद कर, रोटाव्हेटर सोडव, चाकापुढचा चिखल फावड्याने ओढ, तुराट्या-पऱ्हाट्या जे असेल ते खाली घाल आणि मग डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) दाबून लो गिअरमध्ये हळू सरळ काढ, लॉक असताना स्टेअरिंग वळवू नको.

विदर्भ_गडी: +१. नाहीच निघाला तर दुसऱ्याने ओढ, पण साखळी ओढणाऱ्याच्या ड्रॉबारलाच (मागची खालची ओढायची पट्टी), टॉप लिंकच्या जागी (अवजाराचा वरचा जोड) लावली तर तोही उलटेल. आणि बघ्यांना लांब हाकल, साखळी तुटली की कुठं जाईल सांगता येत नाही.

काळंरान: बरं, लाकूड कॅन्सल. जेसीबीवाला येतो म्हणतोय पण त्याचंच वजन बघून भीती वाटते

कोकणी_भातवाला: त्याला बांधावरूनच ओढायला सांगा. आमच्याकडे चिखलणीला (भातासाठी चिखल करताना) लोखंडी केज व्हील, म्हणजे पिंजऱ्यासारखी चाकं, लावतात, तुमच्या रानात वाफसा येऊ देणं, म्हणजे माती कामापुरती सुकू देणं, हाच उपाय. वितभर खालची माती मुठीत दाबून बघायची, घट्ट गोळा झाला तर थांबायचं.