कौलं उतरवून पत्रा घालतोय. पटतंय का?

धागाकर्ता
गुहागर तालुक्यातलं आमचं घर आजोबांनी बांधलेलं. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. पाठच्या पडवीचे वासे वाळवीने पार पोखरलेत. दर मे महिन्यात घर शाकारायला दोन गडी लागायचे. यंदा एकच आला, तोही पासष्टीचा, आणि जाताना "पुढच्या वर्षी माझ्यावर राहू नका" म्हणाला. आम्ही मुंबईत, घर वर्षातले दहा महिने बंद. वानरं कौल सरकवून जातात आणि पहिला पाऊस थेट आईच्या फडताळावर. म्हणून ठरवलंय, सगळं उतरवून लोखंडी पाइपांवर कलर कोटेड पत्रा. धाकटा भाऊ म्हणतो, घराचं गोडाऊन करतोयस. तुमचं मत?

माजघर
भावाशी सहमत. एप्रिलात दुपारी दोन वाजता पत्र्याखाली बसून दाखवा, मग बोलू. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, पत्रा तापला की सगळी आच खाली. आणि आवाज! आमच्या शेजाऱ्यांनी पत्रा घातला, आता आषाढात त्यांचा फोन आला की आधी "थांब, बाहेर येतो" ऐकू येतं. भर पावसात बाहेर.

नट-बोल्ट
फॅब्रिकेशन माझा धंदा आहे, तेव्हा पक्षपाती समजा. पत्रा वाईट नसतो, स्वस्तात मारलेला पत्रा वाईट. ०.५० एमएमचा घ्या, खाली इन्सुलेशन लावा, म्हणजे आच आणि आवाज दोन्ही बरंच कमी होतं. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, रबरी वॉशरसकट. खोलगट भागात मारला की वॉशर कडक झाल्यावर तिथूनच ठिबकणार. समुद्र जवळ असेल तर कापलेल्या कडांना आधी गंज धरतो, तिथे रंगाचा हात द्या. आणि कौलांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आज सागाच्या वाशांचा भाव विचारून यावं.

आंजर्लेकर
३ जून २०२० ला निसर्ग वादळात आम्ही घरातच होतो. कौलं शेकड्याने गेली, खोटं कशाला बोलू. पण खालच्या घराचा पत्रा पाइपांसकट उचलला गेला आणि आमच्या माडाला गुंडाळून बसला. कागद चुरगळल्यासारखा. आम्ही ताडपत्री टाकली, मग जमेल तशी कौलं आणून बसवत गेलो. त्यांना अख्खं छप्पर नव्याने करावं लागलं, आणि तेव्हा पत्रे मिळता मिळत नव्हते.

नट-बोल्ट
पाइप भिंतीत नीट पकडले नसणार. पत्रा हलका, चौरस मीटरला पाच किलोच्या आतबाहेर. वारा खालून शिरला की उचलतोच. तो खाली धरून ठेवणं हेच तर आमचं काम.

स्लॅबप्रेमी
एवढी चर्चा कशाला? स्लॅब टाका, विषय संपला.

माजघर
आणि काही वर्षांनी स्लॅब गळतो म्हणून त्यावर पत्र्याची शेड! आमच्या वाडीत अशी चार घरं आहेत. शिवाय मातीत बांधलेल्या जांभ्याच्या भिंतींवर स्लॅब कसा ठेवणार? कॉलम उभे करायचे म्हणजे नवीनच घर झालं की.

तांबडी माती
पडवीपुरता सिमेंटचा पत्रा चालेल का? स्वस्त पडतो.

नट-बोल्ट
नको. बहुतेकांत ॲस्बेस्टॉस असतो, कापताना उडणारी धूळ फुप्फुसात जाते. जुना असेल तर फोडू नका, ओला करून अख्खा उतरवा.

तांबडी माती
बरं, मग दुसरं सांगतो. धागाकर्ते, एक कौल उलटं करून बघा. बासेल मिशन या स्विस ख्रिस्ती संस्थेने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला, त्यांच्या कौलांवर नाव उठवलेलं असतं. बोटाने टिचकी मारा, खणखणीत वाजलं तर अजून कितीतरी पावसाळे काढेल. सडलंय लाकूड, कौल नाही. आम्ही वाशांच्या जागी लोखंडी पाइप, रीपांच्या (कौलांखालच्या आडव्या पट्ट्यांच्या) जागी चौकोनी नळ्या घातल्या आणि वर तीच कौलं. वाळवीचा प्रश्न मिटला.

नट-बोल्ट
वाळवीचा मिटला, वानरांचा? आणि वजन धरा. कौल अडीच किलोच्या घरात, चौरस मीटरला पंधराएक कौलं. पाइप जाड लागणार, खर्च पत्र्याच्या वर जाणार.

धागाकर्ता
भावाने काल गावी जाऊन कौल उलटवलं. बासेल नाही, दुसऱ्याच कुठल्या कारखान्याचं नाव आहे, अर्धं झिजलेलं. वाजतं मात्र खणखणीत. त्याच गड्याला फोन केला, म्हटलं पत्रा घालतोय. तो म्हणाला, "घाला. कौलं फोडू नका हां, माझ्या गोठ्याला नेतो."

माजघर
बघा! आयुष्यभर छपरावर चढलेला माणूस स्वतःसाठी काय मागतोय ते.

नट-बोल्ट
गोठ्यावर तो स्वतः चढेल हो. यांच्या घरावर कोण?