सल्ला हवा: अँटीव्हायरसवर तरी विश्वास ठेवावा का?

केंद्रचालक, सेलू:
नमस्कार. माझ्या सेवा केंद्रातील दोन संगणकांवर दिवसभर शेतकऱ्यांची आधार कार्डे, सातबारे आणि पासबुके स्कॅन होत असतात. अतिवृष्टी अनुदानाच्या ई-केवायसीची रांग पार ओट्याखाली गेलेली असताना विकतच्या अँटीव्हायरसने अंगठ्याच्या मशीनची फाइल व्हायरस समजून बाजूला काढली आणि तासभर काम ठप्प झाले. आता त्याची मुदत संपत आली आहे. नूतनीकरण करावे, फुकटातले घ्यावे, की कुंपणच शेत खाणार असेल तर काहीच ठेवू नये?

दुरुस्तीवाला, लातूर:
शंका रास्त आहे. प्रत्येक फाइल उघडण्याआधी तपासायची म्हणजे अशा सॉफ्टवेअरला विंडोजच्या गाभ्यापर्यंत शिरकाव द्यावाच लागतो, त्यामुळे ते चुकले की सगळा संगणकच आडवा होतो. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पाडले, आणि त्यात हल्लेखोर कोणीच नव्हता. फुकटाचे म्हणाल, तर फुकट अँटीव्हायरस देणाऱ्या अव्हास्टने ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकल्याचा ठपका ठेवून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहक-संरक्षण संस्थेने 2024 मध्ये त्यांना 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले.

माझे मत, नूतनीकरण नको. विंडोजवर विश्वास आपण आधीच टाकलेला आहे. त्यातलाच डिफेंडर हा अँटीव्हायरस वापरा, आणखी एक वाटेकरी कशाला? विकतचे काढल्यावर तो आपोआप सुरू होतो, तरी एकदा खात्री करून घ्या. वाचलेल्या पैशांत बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि बॅकअप झाला की ती काढून कपाटात ठेवा, कारण जोडलेली राहिली तर खंडणीचा व्हायरस तिलाही कुलूप लावतो.

परभणीकर:
डिफेंडरही धुतल्या तांदळाचा नाही. सप्टेंबर 2022 मध्ये त्याने चक्क क्रोमलाच धोकादायक ठरवले होते. शिवाय केंद्रावर पोरे पेनड्राइव्ह घेऊन येतात, त्याचे काय?

दुरुस्तीवाला, लातूर:
मान्य. म्हणूनच रोजचे काम अ‍ॅडमिन अधिकार (संगणकात काहीही बदलण्याची मुभा) नसलेल्या खात्यातून करावे, म्हणजे पेनड्राइव्हमधून काही आलेच तरी त्याचे हात बांधलेले राहतात. अंगठ्याच्या मशीनची फाइल परत घेण्यापूर्वी तिच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपनीची डिजिटल सही आहे का ते पाहावे, आणि तपासणीतून सूट द्यायची तर तेवढ्याच फाइलला द्यावी. घाईत अख्ख्या सी ड्राइव्हलाच सूट देणारे महाभाग मी पाहिले आहेत. आणि हो, काम झालेल्या स्कॅन प्रती आपण पुसता का?

केंद्रचालक, सेलू:
आत्ताच फोल्डर उघडून पाहिले. 2021 पासूनची आधार कार्डे तशीच पडून आहेत. नूतनीकरणाचे नंतर बघतो, आज केंद्र बंद केल्यावर आधी तेवढे पुसायला बसतो.