मदत हवी आहे : हेडलाइटला घरी लावलेली फिल्म एकाच कोपऱ्यातून सुटते आहे

वाघोलीचा_वाटसरू
नमस्कार. गेल्या रविवारी मी गाडीच्या दोन्ही हेडलाइटच्या काचांना घरीच पारदर्शक संरक्षक फिल्म लावली. डावीकडची व्यवस्थित बसली आहे. उजवीकडची मात्र बाहेरच्या कोपऱ्यात, म्हणजे दिवा मडगार्डकडे वळतो तिथे, दर दोन-तीन तासांनी उचलली जाते. तीन वेळा पुन्हा दाबून बसवली, तरी तेच. शिवाय तिच्या मधोमध रुपयाएवढा एक पांढुरका डाग दिसतो. शनिवारी पहाटे नाशिकला निघायचे आहे, त्यामुळे ‘दुकानात जा’ हा सल्ला कृपया देऊ नये. दुकानदाराने सांगितलेला आकडा ऐकूनच मी हे काम अंगावर घेतले होते. पद्धत मला माहीत आहे. कोपरा का सुटतो, एवढेच कुणीतरी सांगावे.

कोथरूड_गॅरेज
कोपरा का सुटतो हे सांगण्यासाठी जे लागते ते सगळेच आपण गाळले आहे. फिल्म कशाची आहे, टीपीयूची (रबरासारखे लवचीक प्लास्टिक) की पीव्हीसीची (साधे प्लास्टिक)? तिची जाडी किती? लावताना पाण्यात काय घातले होते? ऊब कशाने दिली? दिव्यावर आधी वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा बारीक पॉलिश पेपर) मारला होता का? आणि फिल्म दिव्याच्या कडेपर्यंत नेली, की थोडी आत कापली?

सदाशिवपेठी
फिल्मच्या भानगडीत पडावेच कशाला? मी गेली दहा वर्षे पांढरी टूथपेस्ट आणि जुना बनियन एवढ्यावर माझ्या गाडीचे दिवे लख्ख ठेवले आहेत. दर दोन महिन्यांनी रविवारी सकाळी पंधरा मिनिटे दिली की काम होते.

नियमाने_चला
आपण करत आहात ते बेकायदेशीर आहे, याची जाणीव करून देतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच गाड्यांवरील फिल्मवर बंदी घातलेली आहे.

वाघोलीचा_वाटसरू
कायदा मी विचारला नव्हता आणि दिवे पिवळे पडल्याची तक्रारही केली नव्हती. कोथरूड_गॅरेज यांना उत्तर : फिल्म ऑनलाइन मागवली, पाकिटावर पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, एवढेच छापले आहे. पाणी साधेच, त्यात बेबी शांपूचे चार थेंब. ऊब हेअर ड्रायरने दिली. वॉटर पेपर १००० आणि २००० नंबरचा मारला. फिल्म अगदी कडेपर्यंत नेली आहे, कारण अर्धवट झाकून काय उपयोग?

हडपसरचा_हौशी
नियमाने_चला, तो निर्णय खिडक्यांच्या आणि पुढच्या-मागच्या काचांबद्दल होता; मोटार वाहन नियमावलीतील १०० क्रमांकाचा नियमही काचेतून किती प्रकाश आरपार जावा याविषयी आहे. हेडलाइटवर धुरकट किंवा रंगीत फिल्म लावणे चूकच, कारण रस्त्यावर पडणारा उजेड कमी होतो आणि पोलिसांनी अडवले तर वाद घालायला जागा उरत नाही. पारदर्शक फिल्म ही निराळी गोष्ट आहे.

आता मूळ मुद्दा. उरलेल्या फिल्मची बोटभर पट्टी कापून ड्रायरने गरम करा आणि ताणा. टीपीयूची असेल तर रबरासारखी ताणली जाईल आणि सोडल्यावर बरीचशी मागे येईल. पीव्हीसीची असेल तर ताणलेली तशीच लोंबत राहील किंवा पांढरी पडेल. चांगली पीपीएफ साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाडीची असते, म्हणजे हाताला प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा स्पष्ट जाड लागते. पीव्हीसी असेल तर त्या वळणावर ती टिकेल अशी आशा सोडा.

कोथरूड_गॅरेज
कडेपर्यंत नेणे ही पहिली चूक. फिल्म दिव्याच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत थांबवावी लागते, नाहीतर धुताना आणि वेगात गाडी चालवताना पाणी व वारा थेट तिच्या ओठाखाली शिरतो. दुसरे म्हणजे, ‘साधे पाणी’ म्हणजे कोणते? वाघोलीत टँकर येतो की नळ?

वाघोलीचा_वाटसरू
टँकर. पण पाणी ते पाणीच ना? पट्टी ताणून पाहिली, मागे आली. म्हणजे फिल्म खरी आहे. मग कोपरा?

नाना_पेठ_स्पेअर्स
आमच्याकडे गिऱ्हाईक रोज हेच विचारते. चिकटण्याआधी जागा थिनरने पुसायची, तेल-चिकटा एका फटक्यात जातो. आम्ही पत्र्यावर वर्षानुवर्षे हेच करतो.

हडपसरचा_हौशी
कृपया हे कुणी करू नये. पत्रा वेगळा आणि हेडलाइट वेगळा. आपण सवयीने काच म्हणत असलो तरी ते पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक आहे, आणि त्याला थिनर, ॲसिटोन, पेट्रोल सोसत नाही. माझ्या जुन्या स्कूटरच्या दिव्यावरचा डांबराचा डाग मी थिनरच्या बोळ्याने पुसला होता. तासाभरात आतून कोळ्याचे जाळे विणल्यासारख्या बारीक चिरा उमटल्या आणि दिवा बदलावा लागला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे करून पुसावे.

नाना_पेठ_स्पेअर्स
आमच्या हातून अजून एकही दिवा गेलेला नाही. असो. ड्रायरऐवजी हीट गन घ्या, ड्रायरने फिल्म नीट वळत नाही.

कोथरूड_गॅरेज
हीट गनच्या तोंडाशी ५०० अंशांच्या वर तापमान जाऊ शकते आणि पॉलिकार्बोनेट १४७ अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. सरावलेला हात ती सतत फिरवत ठेवतो, पहिल्यांदाच हे करणाऱ्याने ड्रायरच बरा. वाटसरू, एक प्रश्न राहिला. दोन्ही बाजूंना एकच फिल्म, एकच पाणी आणि एकच हात असताना डावी बसली आणि उजवी सुटते, तर दोन्हींत नेमका फरक काय केलात?

वाघोलीचा_वाटसरू
फरक काहीच नाही. फक्त वॉटर पेपरमुळे दिवा धुरकट दिसत होता, म्हणून आदल्या रात्री उजव्या दिव्यावर डॅशबोर्डचे पॉलिश चोळून चमक आणली. डाव्याला लावायच्या आधी बाटली संपली.

हडपसरचा_हौशी
मिळाले उत्तर! एवढी एक गोष्ट पहिल्याच वेळी लिहिली असती, तर टूथपेस्टपासून न्यायालयापर्यंतची सगळ्यांची फेरी वाचली असती.

कोथरूड_गॅरेज
डॅशबोर्डच्या बहुतेक पॉलिशमध्ये सिलिकॉन असते आणि सिलिकॉनवर फिल्मचा गोंद नीट धरत नाही. सपाट जागी फिल्म कशीबशी टेकून राहते. वळणावर तिचा स्वतःचा ताण तिला मागे खेचत असतो, म्हणून आधी कोपराच सुटतो. तीच फिल्म पुन्हा दाबून उपयोग नाही, कारण तिच्या गोंदालाही आता सिलिकॉन लागले आहे. ड्रायरने कोमट करून, फिल्म जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरून, सावकाश सोलून काढा. दिवा शांपूने धुवा, अल्कोहोलच्या मिश्रणाने दोनदा पुसा, दर वेळी कापडाची नवी घडी घ्या. मग वरून पाणी ओता. पाणी सलग पातळ पडद्यासारखे पसरले तर दिवा स्वच्छ झाला. जिथे थेंब थेंब गोळा होतील तिथे पॉलिश अजून शिल्लक आहे.

धुरकटपणासाठी २००० नंतर ३००० नंबरचा कागद आणि रबिंग कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) हा मार्ग आहे, पॉलिशची बाटली नव्हे. डागाबद्दल : मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाहा. नखाने हलक्या दाबल्यावर सरकला तर अडकलेले पाणी आहे. ते काही दिवसांत आपोआप उडते, मात्र या पावसाळी हवेत जास्त दिवस लागतील. मधोमध टोचणारा कण असेल तर ती धूळ, आणि ती जात नाही. दोन्ही नसेल तर टँकरच्या पाण्यातले क्षार वाळून बसले असावेत. पुढच्या वेळी पिण्याच्या फिल्टरचे पाणी वापरा.

वाघोलीचा_वाटसरू
डाग सरकतही नाही आणि टोचतही नाही. म्हणजे टँकर. शिल्लक फिल्म एका दिव्यापुरती आहे, ती आज रात्री लावून शनिवारी निघालो तर चालेल का?

हडपसरचा_हौशी
नको. पावसात आणि महामार्गाच्या वेगात न मुरलेली कड पुन्हा उचलली जाईल आणि तुमच्याकडे तिसरा तुकडा नाही. वॉटर पेपरने वरचा अतिनील किरणांपासून वाचवणारा थर गेला असला तरी चार दिवसांत दिवा पिवळा पडत नाही. उघड्या दिव्याने जाऊन या, परत आल्यावर निवांत लावा.

वाघोलीचा_वाटसरू
मंगळवार. उघड्या दिव्याने जाऊन आलो. शुक्रवारी रात्री तीनदा धुवावे लागले. दोन वेळा पाणी त्याच कोपऱ्यात मोत्यांसारखे गोळा झाले, तिसऱ्यांदा सरळ पसरले. काल फिल्टरच्या पाण्याने नवी फिल्म लावली आणि या वेळी कडेपासून आत कापली. रात्रभर कोपरा जागेवर आहे. डाव्या दिव्याची कडही आता आत कापून घ्यावी का?

कोथरूड_गॅरेज
घ्यावी, पण दिव्यावर ब्लेड टेकवून नव्हे. कोपरा कोमट करून जरासा उचला, पट्टी हवेत कात्रीने कापा आणि पुन्हा बसवा.

सदाशिवपेठी
फिल्म लावण्याआधी टूथपेस्टने घासलेले चालते का, एवढे कुणी सांगेल काय?

कोथरूड_गॅरेज
चालते, पण नंतर धुवा. आणि पाणी ओतून पाहा.