वेब डिझायनरने पर्यावरणासाठी नेमकं काय बदलायचं? कुठे खरंच फरक पडतो?

नाशिककर_डिझायनर:
नमस्कार मंडळी, मी नाशिकला घरूनच वेब डिझाइन करते, क्लायंट छोटेच, होमस्टे, क्लासेस, एक-दोन द्राक्ष निर्यातदार. कागद तर कधीच बंद केलाय, कोटेशन-बिलं सगळं पीडीएफ. पण आपल्या कामाचा पर्यावरणावर सगळ्यात जास्त भार कुठून पडतो हे मला नीट समजून घ्यायचंय. नेटवर बघावं तर डार्क मोड लावा, इनबॉक्स रिकामा करा, ग्रीन होस्टिंग (स्वच्छ विजेवर चालणारे सर्व्हर) घ्या असं सगळं एकाच रांगेत सांगतात, कशाने किती फरक पडतो ते कोणी बोलतच नाही. त्यात आता एका मराठी पोर्टलचं काम आलंय आणि त्यांचे फॉन्टच भयंकर जड आहेत. तुमच्यापैकी कोणी काही सवयी लावून घेतल्यात का?

चांदा_कोड:
ताई, बरं झालं विचारलंत. मी चंद्रपूरचा, इथलं औष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचं, त्यामुळे वीज कुठून येते हे आम्हाला वेगळं सांगावं लागत नाही, राख आणि धूर रोज समोरच असतो. म्हणून मी सगळा हिशोब युनिटमध्येच करतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांप्रमाणे आपल्या ग्रीडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. आता लॅपटॉप ५० वॅटचा धरा, आठ तास चालला तरी ०.४ युनिट. आणि दीड टनाचा एसी तासाभरातच एक-सव्वा युनिट सहज खातो! म्हणजे दिवसभराच्या लॅपटॉपपेक्षा एसीचा एक तास भारी. नाशिकच्या हवेत बराच काळ पंख्यावर भागतं, लावायचाच तर २४ च्या खाली नेऊ नका, २०२० पासून नवीन स्टारवाले एसी त्याच तापमानावर सेट होऊन येतात.

दुसरं म्हणजे लॅपटॉप लवकर बदलू नका. त्याच्या एकूण कार्बनचा मोठा हिस्सा तो बनवतानाच खर्च झालेला असतो, वापरताना कमी. बॅटरी बदला, एसएसडी टाका, रॅम वाढवता येत असेल तर वाढवा आणि ओढा जितकी वर्षं ओढता येईल तितकी. अगदीच गेला तर भंगारवाल्याला देऊ नका, अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या.

डार्क मोडचं म्हणाल तर एलसीडी मॉनिटरवर काहीच वाचत नाही कारण मागचा दिवा चालूच असतो. ओलेड फोनवर वाचतं पण तेही पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात ब्राइटनेस ३०-५० टक्के असताना सरासरी ३ ते ९ टक्केच निघालं होतं, फुल ब्राइटनेसला मात्र ४० टक्क्यांच्या आसपास. ब्राइटनेस कमी करणं जास्त कामाचं. इनबॉक्स साफ करण्यात वेळ घालवू नका.

जोडाक्षर_प्रेमी:
फॉन्टवर मी सांगतो, हा माझा जिव्हाळ्याचा विषय. मराठी साइट जड होतात त्यात फॉन्टचा वाटा मोठा आणि त्याकडे कोणी बघत नाही. देवनागरीत जोडाक्षरांमुळे ग्लिफ, म्हणजे अक्षरांचे आकार, शेकड्यांनी असतात, त्यामुळे एकेक वजन (रेग्युलर, बोल्ड अशी अक्षराची जाडी) म्हणजे मोठी फाइल. मुक्ता फॉन्ट घेतला तर त्याची सात वजनं आहेत, लोक सातही लोड करतात आणि पानावर वापरतात दोन. रेग्युलर आणि बोल्ड एवढंच ठेवा, टीटीएफ फाइल न देता वॉफ-२ हा वेबसाठीचा हलका प्रकार द्या, आणि नको ती अक्षरं काढून सबसेट करा.

पण सबसेट करताना जपून!! बरेच जण ०९०० ते ०९७एफ एवढीच युनिकोड रेंज (अक्षरांच्या कोड नंबरांचा पट्टा) ठेवतात. त्यात रुपयाचं चिन्ह बसत नाही, ते २०बी९ वर आहे. आणि झेडडब्ल्यूजे, म्हणजे अक्षरं जोडणारा न दिसणारा कॅरेक्टर, नंबर २००डी, तोही बाहेर राहतो. जुन्या मजकुरात 'दर्‍या', 'सुर्‍या' यातला अर्धा र बऱ्याचदा झेडडब्ल्यूजे वापरून टाइप केलेला असतो, तो कॅरेक्टर गेला की अक्षर तुटू शकतं किंवा तेवढ्यापुरता दुसराच फॉन्ट येतो. फॉन्टमधली जोडाक्षरं जुळवणारी टेबलं कुठल्या टूलने उडवली तर मग सगळीकडे पाय मोडलेली अक्षरं. मी सबसेट झाला की एक चाचणीचं पान उघडतो, कुऱ्हाड, वाऱ्यावर, दर्‍या, श्री, ज्ञानेश्वर, ॲप, ऑफिस, ₹५०० एवढं तरी तपासतोच. पानाला भाषा म्हणून मराठी नमूद करायलाही विसरू नका, काही फॉन्टमध्ये ल आणि श ची मराठी वळणं त्यावरच अवलंबून असतात. फाइल हलकी करायच्या नादात मराठी बिघडता कामा नये, एवढं कळकळीने सांगतो.

नाशिककर_डिझायनर:
बापरे, झेडडब्ल्यूजेचं माझ्या डोक्यातच नव्हतं, या पोर्टलवर जुने लेख भरपूर आहेत, आजच तपासते. अजून एक, होमस्टेवाल्यांना पहिल्याच स्क्रीनवर आपोआप चालणारा व्हिडिओ हवाच असतो. त्यांना कसं समजवायचं? पर्यावरण म्हटलं की मान हलवतात आणि परत व्हिडिओच मागतात.

पुणे_फ्रंटएंड:
चांदा_कोड दादांचं एसीचं गणित बरोबर आहे पण मला वाटतं डिझायनरचा खरा हात साइटवर चालतो, कारण आपण एकदा ठरवतो आणि ते हजारो फोनवर उतरतं. ३ एमबीचं पान १०,००० वेळा उघडलं की ३० जीबी, तेच ८०० केबीत बसवलं की ८ जीबी. लाखो साइट मोजणाऱ्या एचटीटीपी आर्काइव्हच्या २०२४ च्या आकड्यांत डेस्कटॉपवर पानांच्या आकाराचा मध्यक (मीडियन) अडीच एमबीच्या वर होता, म्हणजे कमी करायला जागा भरपूर आहे.

क्लायंटशी मी सुरुवातच वेगाने करते. गिऱ्हाईक घाटात आहे, रेंज एक काडी, तिथे तुमची साइट उघडून दाखवते असं म्हणून स्लो नेटवर्कवर त्यांच्यासमोरच लोड करून दाखवायचं, मग जास्त बोलावं लागत नाही. व्हिडिओच्या जागी एक चांगला फोटो आणि प्ले बटण, ज्याला बघायचं तो दाबेल. आणि कोटेशनमध्येच लिहायचं की मुख्य पान १ एमबीच्या आत राहील, म्हणजे नंतर कोणी चॅटचं विजेट किंवा चौथं ट्रॅकिंग टाका म्हणालं की बोट ठेवायला ओळ असते. क्लायंट फोनवरून पाच-पाच एमबीचे फोटो पाठवतात ते तसेच चढवू नका, १६०० पिक्सेल रुंदी पुरते, वेबपी किंवा एव्हीआयएफ या हलक्या फॉरमॅटमध्ये करा, खालच्या फोटोंना लेझी लोडिंग, म्हणजे वाचक तिथवर आला की मगच फोटो उतरतो.

होस्टिंगसाठी ग्रीन वेब फाउंडेशनच्या साइटवर डोमेन टाकून तपासता येतं. पण सर्व्हर परदेशात स्वच्छ विजेवर आणि वाचक सगळे महाराष्ट्रात असं असेल तर कॅशिंग (एकदा उतरलेल्या फाइलची प्रत जवळ ठेवणं) नीट लावा, नाहीतर प्रत्येक क्लिक समुद्रापार जाऊन येईल.

चांदा_कोड:
हजारो फोनवाला मुद्दा मान्य, मी फक्त टेबलावरचा हिशोब केला होता. ताई, त्या पोर्टलचं आत्ताचं वजन किती भरतंय? ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये कॅश बंद करून बघा आणि फॉन्ट, फोटो, स्क्रिप्ट वेगवेगळे इथे टाका, मग कुठून सुरुवात करायची ते सगळे मिळून बघू.