मदत हवी आहे : बाळंतपणानंतरच्या ऑपरेशनची जखम ओली झाली आहे, आणि कापूस वेचणीला कधी जाता येईल?

दोन_लेकींची_आई

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून लिहिते आहे. दुसरी मुलगी झाली आणि दुसऱ्याच दिवशी सरकारी दवाखान्यात कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन करून घेतलं. दोन मुलींवर थांबलो म्हणून जे बोलणं झालं ते झालं. ते आमचं दोघांचं ठरलेलं होतं, त्याबद्दल काही विचारायचं नाही. विचारायचं आहे ते पोटाचं.

आज दहावा दिवस. बेंबीच्या खालीच दोन बोटं रुंदीची आडवी चीर आहे. सातव्या दिवशी उपकेंद्रात टाके काढले तेव्हा जखम कोरडी होती. परवापासून डाव्या टोकाला ओल येते. पिवळसर पाणी, वास नाही, पण चिंधीवर रुपयाएवढा डाग पडतो. बोट लावलं की आत सुपारीसारखं टणक लागतं. ताप नाही.

सासूबाई सकाळ-संध्याकाळ बाजेखाली शेगडी ठेवतात, तिच्यावर ओवा टाकतात आणि जुन्या लुगड्यानं पोट कसून बांधून देतात. "शेक नाही घेतला त म्हातारपणी कंबर धरते" म्हणतात. जीव लावून करतात, म्हणून मी नाही म्हणत नाही. पण शेक घेऊन उठले की लुगड्याचा पट्टा घामानं ओलाचिंब असतो.

पहिला आठवडा मुलीला पाजायला घेतलं की पोटात जोराची कळ यायची. थोरलीच्या वेळी एवढी नव्हती. आता कमी आहे. ऑपरेशनमध्ये काही चुकलं तर नसेल ना?

आणि वेचणी. कापूस फुटून उभा आहे, मजूर मिळत नाहीत. मोठ्या जाऊबाई म्हणतात, "माह्यं दुर्बिणीचं झालं, आठव्या दिवशी वावरात होती मी." काल मी पाण्याचा एक गुंड उचलला तर बेंबीखाली अशी ओढ बसली की खाली बसले. मीच नाजूक आहे का? घरात मला तसंच वाटायला लागलं आहे.

वॉर्डातली_सिस्टर

ताई, पहिलं काम : उद्या सकाळी जखम दाखवून या. ऑपरेशन झालं तिथं गेलात तर उत्तम, नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्रात. टणकपणा पुष्कळदा भरत्या जखमेचाच असतो, पण वर ओल असेल तर आत पाणी साचलंय का हे हातानंच बघावं लागतं. इथं वाचून ते कुणीच सांगू शकणार नाही. ताप 100.4 च्या वर गेला, पू किंवा घाण वास आला, लाली पसरली, पोट फुगून ओकाऱ्या झाल्या किंवा अंगावरून रक्त एकदम वाढलं, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्र असो, 108 ला फोन करायचा.

तुम्ही नाजूक नाही. जाऊबाईंचं ऑपरेशन वेगळं. दुर्बिणीचं करतात तेव्हा गर्भाशय मूळ जागी बसलेलं असतं आणि अंगात बाळंतपणाचा थकवा नसतो. तुमचं झालं तेव्हा गर्भाशय बेंबीपर्यंत होतं, म्हणून तर चीर बेंबीखाली आहे. बाळंतीण आणि ऑपरेशनवाली तुम्ही एकाच वेळी आहात. दोन्हीची भरपाई शरीराला करायची आहे.

कळ गर्भाशय आकसण्याची. बाळ ओढायला लागलं की ते आवळतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जास्त जाणवतं. ऑपरेशनशी संबंध नाही. नळ्या बांधल्यानं दूधही आटत नाही, हे कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका.

आता शेगडी. घाम, कसलेला पट्टा आणि जखम, तिन्ही एकाच ठिकाणी. जखमेला हवा लागू द्या, सैल सुती कपडा घाला. धूर बाळाच्या छातीला वाईट आणि बंद खोलीत निखारे तर आईलाही धोक्याचे. सासूबाईंना सोबत घेऊन जा, तिथली सिस्टर सांगेल. सुनेनं सांगण्यापेक्षा ते बरं पडतं.

पाण्याचं म्हणाल, तर पंधरा लिटरचा गुंड पंधरा किलोचा. सध्या तान्ह्या लेकीपेक्षा जड काही उचलू नका, सहा आठवडे तरी जड काम नाही.

वऱ्हाडची_लेक

बाई, माह्यंही असंच पोटावरचं झालं होतं. दीड महिन्यानं वेचाले गेली. उठ-बस जमली, पण कापूस भराच्या ओटीनं दगा देला. कमरेले बांधली का गाठ नेमकी टाक्यावर येते, अन् कापूस भरत गेला का समदं वजन पोटावर लोंबते. दुपारपर्यंत चुरचुर सुरू झाली. मंग मी ओटी सोडून खांद्यावरून झोळी अडकवली अन् भरायच्या आधीच धुऱ्यावर रिकामी करत गेली. वेचणं कमी झालं, पण रात्री दुखलं नाही. तू त आत्ता दहाच दिवसांची हायस. यंदाचा कापूस दुसऱ्यानं वेचू दे.

दोन_लेकींची_आई

जाऊन आले. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, थोडं पाणी निघालं, पू नव्हता. ड्रेसिंग केलं, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, परवा परत बोलावलंय. सासूबाई सोबत होत्या. सिस्टरनं त्यांना वरचा भिजलेला पट्टा हातात धरून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, पण घरी आल्यावर शेगडी स्वतःच पडवीत नेऊन ठेवली. आता सुती फडकं तव्यावर गरम करून माझ्या पाठीला लावतात. पाठीला ते खरंच बरं वाटतं. पाणी नवरा भरतो आहे. वेचणीला त्यांनी मावशींच्या घरच्या दोघींना बोलावलं.

एक राहिलं. लोहाच्या गोळ्या दिल्यात, त्यांनी शौचाला काळं होतं. बंद करू का?

वॉर्डातली_सिस्टर

बंद नाही करायच्या. लोहानं काळं होतंच. बाळंतपणानंतर 180 दिवस रोज एक. चहासोबत नको, जेवण झाल्यावर थोड्या वेळानं लिंबूपाण्याबरोबर घ्या. आणि परवाचं ड्रेसिंग चुकवू नका.