मदत हवी आहे: थायरॉइडमुळे गाताना दम कमी पडतो का?

लश्करचा_सूर: ग्वाल्हेरहून लिहितोय. आई ६१ वर्षांची, घरी गाणं शिकवते. थायरॉइड निघालंय, गोळ्या चालू आहेत, पण दम पुरत नाही. एक्सरे क्लिअर, फुंकायची टेस्ट ठीक, डॉक्टर म्हणाले टेन्शन आहे. परवा मुलींना यमनची तान दाखवता दाखवता मध्येच थांबली, इलेक्ट्रॉनिक तानपुरा बंद केला आणि भिंतीला टेकून बसली. तिला असं कधीच बघितलं नव्हतं. लवकर सांगा कुणीतरी.

मनीषा_आ: वाढलंय की कमी झालंय? थायरॉइडच्या रक्ततपासणीत टीएसएच किती? गोळी कुठली?

दौलतगंजकर: माझ्या वहिनीला पण आहे. गोळी उपाशीपोटी घ्यायची, अर्धा तास चहा नाही, वजन वाढतं म्हणून भात बंद.

लश्करचा_सूर: वजन वाढलं नाही हो, ७ किलो उतरलंय! टीएसएच ०.०१, गोळी कार्बिमाझोल, दीड महिना झाला.

मनीषा_आ: मग दौलतगंजकर सांगतायत ते कमी थायरॉइडचं, तुमचं उलटं आहे, टीएसएच इतकं खाली म्हणजे हार्मोन जास्त, आणि कार्बिमाझोल ते कमी करायची गोळी. मला ग्रेव्हज, म्हणजे थायरॉइड वाढण्याचाच आजार, होता म्हणून सांगते. हार्मोन जास्त झालं की स्नायू झिजतात, जिना चढताना मांड्या लटपटतात, केस विंचरताना हात भरून येतात. डायफ्राम (छाती-पोटामधला श्वासाचा पडदा) आणि बरगड्यांमधले स्नायूही त्यातच आले. वर शरीराला ऑक्सिजन जास्त लागतो, म्हणजे काम वाढलेलं आणि ते करणारे स्नायूच थकलेले. फुफ्फुसं चांगली असतात, म्हणून एक्सरे आणि साधी स्पायरोमेट्री, म्हणजे ती फुंकायची टेस्ट, नॉर्मल येऊ शकते. नळीतून जोरात ओढायला-फुंकायला लावून दाब मोजतात, एमआयपी-एमईपी, ती टेस्ट होते का विचारा. ताकद परत येते, पण थायरॉइड नॉर्मल झाल्यावरही काही महिने जातात. मला पाच लागले.

योगसाधक: रोज अर्धा तास भस्त्रिका करायला लावा, गोळ्यांपेक्षा लवकर फरक पडेल.

मनीषा_आ: कृपा करून असं सांगू नका. स्नायू आधीच थकलेत, त्यांना आत्ता जोराचा व्यायाम कशाला? आणि कार्बिमाझोल मनाने बंद करायची नसते.

योगसाधक: माझ्या काकांना फायदा झाला, मी अनुभव सांगतोय.

मनीषा_आ: काकांना थायरॉइड होतं का?

योगसाधक: दमा होता.

किल्ल्यावरून: आई माधव संगीत महाविद्यालयात शिकल्या का? भातखंड्यांच्या पुढाकाराने १९१८ साली सुरू झालं ते. माझी आत्या तिथलीच.

लश्करचा_सूर: हो, तिथेच. पण ते नंतर बोलू का?

मनीषा_आ: आडवं झाल्यावर दम जास्त लागतो का? छातीत धडधडतं? नाडी चुकते? गळा पुढे आलाय का?

लश्करचा_सूर: गळा थोडा भरलेला दिसतो. नाडीचं माहीत नाही. आडवं होववत नाही, पंधरा दिवस दोन उशा घेऊन झोपते, मला वाटलं पाठ दुखते.

मनीषा_आ: अहो, हे आधी सांगायचं! डायफ्राम दुबळा असेल, हृदयावर ताण असेल किंवा थायरॉइडची वाढलेली गाठ श्वासनलिकेवर दाबत असेल, तिन्हींत असं होतं. उद्याच न्या, ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगा. रात्री बसूनही दम लागला, वाक्य पुरं बोलता आलं नाही किंवा ओठ निळे दिसले तर उद्याची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत. आणि ही गोळी चालू असताना ताप किंवा घसादुखी आली तर लगेच रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी घटू शकतात.

लश्करचा_सूर: सकाळी पहिल्यांदा तिकडेच जातो. आत्ता तिला विचारलं, म्हणाली, "षड्ज लावायलासुद्धा दोनदा श्वास घ्यावा लागतो रे, तुला काळजी नको म्हणून बोलले नाही."

मनीषा_आ: हे वाक्य डॉक्टरांना असंच्या असं सांगा.